मुरलेला वास

मृगाची पहिली दमदार सर येऊन गेली की सगळं पुणं खिडकीशी येऊन उभं राहतं. तापलेल्या मातीतून वर येणाऱ्या त्या वासावर आपल्याकडे इतकं लिहिलं गेलं आहे की नव्यानं काही सांगायला मन धजत नाही. मीही गॅलरीत उभी असते, ओल्या कठड्यावर हात ठेवून, डोळे मिटून. आणि तेवढ्यात, त्या मृद्गंधाच्या मागोमाग, घराच्या आतून दुसरा एक वास हलक्या पावलांनी येतो आणि माझ्या शेजारी उभा राहतो. पलंगाच्या डोक्याकडची भिंत, पुस्तकांच्या कपाटाची सर्वांत खालची फळी, बैठकीच्या खिडकीखालचा कोपरा, उन्हाळाभर गप्प असलेल्या या जागा पहिल्या ओलीबरोबर बोलू लागतात. उग्र, खारट, थोडासा गंधकाचा, नाकाच्या मुळाशी जाऊन टोचणारा. मांजराच्या मुताचा वास. नुसतं नाव काढलं तरी लोक तोंड वाकडं करतात. मला तसं करवत नाही. त्या वासात माझ्या घराचा एक काळ साठून राहिला आहे, आणि दर पावसाळ्यात तो मला भेटायला येतो.

ताज्या मुताला फारसा वास नसतो, हे मांजर न पाळणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. लोणचं जसं बरणीत मुरत जातं, तसा हा वास मुरत जातो. मांजराच्या मुतात फेलिनिन नावाचं एक गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते स्वतः मुकं असतं, पण हवेत राहून हळूहळू तुटू लागलं की त्यातून तो अणकुचीदार दर्प बाहेर पडतो. मांजराच्या मूत्रपिंडातलं कॉक्सिन नावाचं प्रथिन हे फेलिनिन घडवायला कारण होतं, असं जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं. वयात आलेल्या बोक्यात ते सगळ्यांत जास्त. आणि मूत वाळलं तरी त्याचे बारीक अंश लाकडाच्या रेषांत, फरशीच्या सांध्यात, कापसाच्या गाभ्यात शिरून बसतात. आपण पुसतो, धुतो, ऊन दाखवतो, आणि आता गेलं म्हणून निर्धास्त होतो. मग आषाढातली दमट हवा येते, आणि झोपलेलं सगळं जागं होतं.

आजोळी हा वास नव्हता. गुहागरकडच्या त्या चिरेबंदी घरात मांजरं तर कायमच असायची, कधी दोन, कधी पाच, पिल्लांची गणती कोणी ठेवत नसे. आजीची एक करडी भाटी होती. दुपारची जेवणं आटोपून घर पेंगुळलेलं असताना ती मागल्या दारी जायची. पोफळींच्या मधून उतरणारं तिरपं ऊन, केळीच्या बुंध्याशी चुलीतली राख टाकून झालेला मऊ ढीग, आणि त्या राखेवर भाटीची ती चाललेली गंभीर तयारी मी पडवीत पालथी पडून बघत असे. आधी हुंगायची. मग एका पंजानं उकरायची, पुन्हा हुंगायची, जागा पसंत नसली की दोन पावलं सरकून दुसरीकडे उकरायची. मग बसायची, शेपटी जरा आडवी, डोळे अर्धे मिटलेले, कान मात्र मागे वळलेले, कारण त्या घडीला ती जगातल्या कुठल्याही प्राण्याइतकी असहाय असते आणि तिला ते माहीत असतं. उठल्यावर वळून पाहायची आणि चहूबाजूंनी राख ओढून झाकायची, झाकून झाल्यावर पुन्हा एकदा हुंगायची. एवढं सगळं करून ती अशी काही निघून जायची, की जणू तिथे काही घडलंच नव्हतं. आजी म्हणायची, "माणसाला शिकवावं लागतं, हिला आईच्या पोटातून येतं."

तेवढं एक वाक्य मी पुढे कितीदा आठवलं असेल. मांजराला स्वच्छता शिकवावी लागत नाही. तिचे पूर्वज पश्चिम आशियाच्या रखरखीत मुलखातली रानमांजरं; पाणी जपून वापरणारी, म्हणून मूत दाट करणारी; एकट्यानं शिकार करणारी, म्हणून आपला माग शत्रूला लागू न देणारी. माती, वाळू, राख, काहीतरी भुसभुशीत मिळालं की तिचा पंजा आपोआप हलतो. मग अशा प्राण्यानं पलंगावर, चादरीत, भिंतीवर घाण केली, तर तिच्यावर काय गुदरलं असेल? हा प्रश्न मनात यायला मला माझंच घर लागलं.

आपण वाड्यांतून, परसांतून उठून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मांजरांची माती मागेच राहिली. ती त्यांना डब्यात घालून परत द्यावी लागली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९४७ साली एडवर्ड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली, आणि त्यानं वाळूऐवजी तेल टिपून घेणारे मातीचे वाळवलेले दाणे दिले. मांजराच्या लिटरचा, म्हणजे डब्यातल्या मातीचा, सगळा व्यापार त्या देण्यातून उभा राहिला. ती माती म्हणजे आपल्या बायका चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीचीच जात. आता कच्छच्या खाणींतलं बेन्टोनाईट येतं, ओल लागली की फुगून गोळा होणारं. पिशवी फोडून ते डब्यात ओतताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात मला नेहमी आजोळची राख दिसते. हे शास्त्र नव्हे. पण दिसते.

आमच्याकडे चार. गंगू सगळ्यांत जुनी, करड्या पट्ट्यांची, अंगानं जड आणि मनानं स्थिर. बंड्या नारिंगी, नसबंदी झालेला, तरी आपण या घराचे कर्ते आहोत अशा समजुतीत वावरणारा. चिंगी तीन रंगांची, लहानखुरी, दाराची बेल वाजली की पलंगाखाली नाहीशी होणारी. आणि काळू, जो एका पावसात पार्किंगमधल्या स्कूटरखाली ओरडत बसला होता आणि ज्याला मी पदरात गुंडाळून वर आणलं. चार माणसं एका घरात राहायला आली तर त्यांच्यात निदान बोलणं होतं, भांडण होतं, चहा होतो, समेट होतो. मांजरांकडे समेटाची रीत नाही. एकट्यानं जगायला घडलेल्या या प्राण्याला रुसवा काढता येत नाही. त्याला फक्त वाट टाळता येते, आणि वाट टाळायला जागाच नसेल, तर मग शरीर बोलतं.

काळू आल्यावरच कधीतरी ते सुरू झालं. पहिल्यांदा गोधडीवर. ती गोधडी माझ्या आईनं शिवलेली, तिच्या स्वतःच्या जुन्या लुगड्यांची, आत आजीच्या नऊवारीचा एक थर. आई गेल्यानंतर मी ती पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवत असे. थंडी असो नसो, रात्री पायांना तिचा भार हवासा वाटे. एके सकाळी हात लागला तर ओल. मी गोधडी नाकाशी नेली. आईच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास, कापसाचा वास, आणि त्यावर हा.

काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. राग येण्याआधी जे येतं, त्याला मला नाव सापडत नाही.

मग ते वाढत गेलं. बाथरूममधला पायपुसणा, धुवायच्या कपड्यांची बादली, दिवाणाची गादी. खिडकीखालच्या भिंतीवर खाली ओघळलेली पिवळट रेघ. घरी येणारा प्रत्येक पाहुणा उंबऱ्यात क्षणभर थबकायचा. बोलायचं कोणी नाही, पण नाकपुड्या किंचित आकसायच्या, आणि ती आकसलेली नाकपुडी मला जिन्यावरूनच दिसू लागली होती. आत्या आली तेव्हा ती तेवढं बोलली, "अगं, खिडक्या उघड्या ठेवत जा हो." इतकंच. आपल्याकडे घराच्या वासाचा जाब घरातल्या बाईला विचारला जातो, न विचारता विचारला जातो. मी उदबत्त्या लावू लागले, धूप घालू लागले, कापूर जाळू लागले. लोकांना बोलवायचं टाळू लागले. बहुमांजरी घरातल्या कित्येक बायका या एकटेपणातून जातात हे मला नंतर कळलं. कारण या गोष्टीबद्दल कोणी कोणाशी बोलत नाही.

कामाला येणाऱ्या मावशी कळवळून म्हणायच्या, "ताई, फिनेल जरा जास्त टाकते." त्यांची माया खरी होती, पण फिनेल मांजरांच्या घरात नकोच. त्यातली फिनॉलच्या जातीची रसायनं मोडून काढायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. ओल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. शिवाय अमोनिया असलेली औषधं मांजराला मुताचीच आठवण देतात, जिथे पुसावं तिथेच ते पुन्हा जातं. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली बाटली लगेच खाली ठेवली आणि चिंगीकडे बघून म्हणाल्या, "बाई गं, आणि मी रोज पुसत होते." त्यानंतर त्या नुसतं गार पाणी घेऊन, फडक्यानं दाबून दाबून टिपायच्या, आणि वर मी आणलेलं एन्झाइमचं द्रावण शिंपडायच्या. एन्झाइमला वेळ द्यावा लागतो, त्याला त्या जागी ओलं राहू द्यावं लागतं, तेव्हा कुठे ते खोलवर बसलेलं फोडून काढतं.

किती जागा आहेत ते कळावं म्हणून मी अतिनील प्रकाशाची लहानशी टॉर्च आणली. रात्री सगळे दिवे मालवले, पडदे ओढले, आणि गुडघ्यांवर बसून भिंतीच्या पायथ्याशी तो जांभळा उजेड फिरवू लागले. हळूहळू घर उजळत गेलं. दिवसा जिथे काहीच दिसत नसे तिथे फिकट हिरवट-पिवळे डाग उमटू लागले. कपाटाच्या पायाशी, दाराच्या चौकटीला, खिडकीखाली एकावर एक ओघळ, उंची सगळ्यांची जवळपास सारखी. आणि पलंगापाशी, खाली, पसरट, मोठे. मी तशीच बसून राहिले. गंगू शेजारी येऊन बसली आणि तो उजेड जिथे पडेल तिथे मान वळवून पाहू लागली. माझ्या घरात दोन वेगळ्या लिप्या लिहिल्या जात होत्या, आणि मी त्या आजवर एकच समजत आले होते.

उभ्या भिंतीवरची रेघ बंड्याची. त्याला मी नंतर पाहिलंही. तो खिडकीकडे पाठ करून उभा राहिला, शेपटी सरळ वर, तिचं टोक थरथरतंय, मागचे पाय जागच्या जागी हलके नाचवतोय, आणि डोळ्यांत एक दूरची, जवळजवळ दुःखी एकाग्रता. बाहेर, खालच्या शेडच्या पत्र्यावर, एक दांडगा पांढरा बोका रोज रात्री येऊन बसत असे आणि आमच्या भिंतीवर बाहेरून आपली सही करून जात असे. बंड्या आतून उत्तर देत होता. हे घर माझं आहे, एवढंच. नसबंदीनंतर दहांतले साधारण नऊ बोके हा फवारा मारणं थांबवतात. उरलेल्या एखाद्याला भीती पुन्हा तिकडे नेते. माद्याही, थोड्या का होईना, असं करतात.

खालची पसरट ओल चिंगीची. तिथे सही नव्हती, तिथे फक्त एक लहानसं शरीर होतं ज्याला दुसरीकडे जाता येत नव्हतं.

का, ते मला एका पहाटे दिसलं. पाण्याच्या टाकीचा आवाज यायच्या आधीची वेळ, स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा राखाडी उजेड बोळात लांबट पडलेला. लिटरचे सगळे डबे न्हाणीघरात, एका ओळीत. लहानशा फ्लॅटमध्ये दुसरी जागा असते तरी कुठे? आणि त्या बोळाच्या तोंडाशी बंड्या आडवा पसरला होता. झोपलेला वाटावा असा, पंजे आत दुमडलेले. चिंगी शयनगृहाच्या दारात आली. थांबली. बंड्यानं डोळे उघडले, फक्त उघडले. ना फिस्कारणं, ना केस फुलवणं, ना गुरगुर. तो बघत राहिला. चिंगीनं एक पंजा उचलला होता तो तसाच अधांतरी राहिला, आणि मग अगदी हळू, मागे वळूनही न बघता, पावलं उलटी टाकत ती खोलीत परत गेली. आणि पलंगावर चढली. पलंग उंच, तिथून दार दिसतं, खिडकी दिसते, पाठीशी भिंत असते, खाली मऊ असतं, उकरता येतं. तिथे आईची गोधडी होती.

घराघरांत हे असं चालतं आणि माणसांना ऐकू येत नाही. मारामारीला आवाज असतो, अडवणुकीला नसतो. एकाच खोलीत ओळीनं मांडलेले तीन डबे हे मांजराच्या हिशेबी एकच ठिकाण. त्या ठिकाणच्या वाटेवर एक नजर बसलेली असली की तीन असोत नाहीतर तीस, चिंगीला एकही नाही.

तिला मी डॉक्टरांकडे नेलं, कारण वर्तनाकडे बघण्याआधी शरीराकडे बघायचं असतं. मुताच्या तपासणीत जंतू नव्हते, पण मूत्राशयाला सूज होती, मुतात रक्ताचा अंश होता. डॉक्टर म्हणाल्या, "हिला दुखतंय. आणि दुखतं त्या डब्यात, म्हणून ती डब्यालाच घाबरते." मांजरांच्या मूत्रमार्गाच्या अशा त्रासांत निम्म्याहून अधिक वेळा दुसरं कुठलंच कारण सापडत नाही, मनावरचा ताण मूत्राशयाच्या अस्तरावर उमटतो. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी बफिंग्टन यांनी यावर आयुष्याची बरीच वर्षं घालवली. त्यांच्या गटाच्या २०११ सालच्या अभ्यासात असं दिसलं की खायला घालायची वेळ चुकली, रोजचं माणूस बदललं, रोजची घडी विस्कटली, तर ठणठणीत मांजरंही खाणं सोडतात, ओकतात, डब्याबाहेर करतात. निरोगी मांजरंसुद्धा. हे वाचलं तेव्हा मला आईच्या आजारपणातले आमच्या घरातले दिवस आठवले. दारं रात्री-अपरात्री उघडत होती, अनोळखी माणसं येत होती, माझा आवाज माझा राहिला नव्हता. आणि गंगू, ही स्थिर गंगू, त्या काळात कपाटाच्या वर जाऊन बसली होती. आम्हांला वाटलं, तिला उकडतंय.

इथे मला एक गोष्ट हळुवारपणा बाजूला ठेवून सांगायची आहे. बोका वारंवार डब्यात जाऊन कुंथतोय, कण्हतोय, आणि थेंबही येत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबते, आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. तशाच रात्री निघा.

पुढचं सारं हळूहळू घडलं. डबे घरभर विखुरले. एक न्हाणीघरात, एक गॅलरीत, एक पुस्तकांच्या खोलीत, एक पलंगाच्या पलीकडे भिंतीशी, आणि एक दिवाणामागे, कारण मांजरं जितकी त्याहून एक जास्त असा हिशेब जाणती माणसं सांगतात. झाकणं काढून टाकली, म्हणजे आत बसलेल्याला येणारा दिसेल आणि पळायला दोन वाटा राहतील. दुकानातले नाजूक ट्रे जाऊन चादरी ठेवायच्या प्लास्टिकच्या मोठ्या पेट्या आल्या, एका बाजूनं कापलेल्या. मांजराला त्यात ऐसपैस वळता आलं पाहिजे, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी. सुगंधी लिटर गेलं, बिनवासाचं बारीक आलं. वाट्या वेगळ्या खोल्यांत गेल्या. भिंतीवर फळ्या चढल्या, चिंगी आता बंड्याच्या डोक्यावरून, हवेतल्या रस्त्यानं, घर पार करते. खिडकीच्या खालच्या काचांना दुधी कागद लागला. वस्तीत मांजरांची नसबंदी करून देणारी काही तरुण मंडळी आहेत, त्यांनी त्या पांढऱ्या बोक्याला पिंजऱ्यात धरून नेलं आणि टाके सुकल्यावर परत त्याच पत्र्यावर आणून सोडलं. तो अजून येतो, बसतो, पण सही करत नाही. आणि मी मऊ फडकं बंड्याच्या गालांवरून फिरवून तेच त्या खिडकीच्या कोपऱ्यावर घासू लागले, कारण जिथे गाल घासले जातात त्या जागेला मांजर आपली, सुखाची जागा मानतं. फ्रेंच पशुवैद्यांनी १९९० च्या दशकात गालांच्या त्या गंधाची नक्कल करून बाजारात आणली. आमचं फडक्यावर भागलं. सगळ्यांचं भागेलच असं नाही.

घराचं देखणेपण गेलं, हे खरं. दिवाणामागे डबा, पुस्तकांखाली डबा, भिंतीवर बिनरंगाच्या फळ्या. ज्याला जे म्हणायचं ते म्हणो.

मग एका रात्री झोप चाळवली. पाऊस थांबला होता, पागोळ्या तेवढ्या अधूनमधून गॅलरीच्या पत्र्यावर पडत होत्या. आणि पलंगाच्या पलीकडून, भिंतीशी, आवाज आला: खर्र, खर्र. थांबला. पुन्हा खर्र. मी श्वास रोखला. मध्ये एक लांब शांतता, तिच्यात मला ती बसलेली न बघताही दिसली, शेपटी जरा आडवी, कान मागे वळलेले. मग झाकण्याचा आवाज, मन लावून, कितीतरी वेळ, या बाजूनं, त्या बाजूनं, पेटीच्या कडेवरून नखं घसरत. मला आजोळची ती दुपार, ते तिरपं ऊन, राखेवरची ती करडी भाटी सगळं सगळं दिसलं, आणि डोळे भरून आले. लिटर खरवडण्याच्या आवाजानं कोणाला रडू येईल, असं कुणी मला सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण ज्यानं ओल्या गोधडीत तोंड खुपसून पहाट काढली आहे त्याला विचारा. माझ्यासाठी आजही घरातला तो सर्वांत शुभ आवाज आहे.

गोधडी मी टाकली नाही. बाहेरचे टाके हलकेच उसवले, थर वेगळे केले, एकेक थर एन्झाइमच्या पाण्यात भिजवला, उन्हात वाळवला, आणि आईच्या टाक्यांच्या जुन्या भोकांतूनच सुई घालत पुन्हा शिवली. आजीच्या नऊवारीचा थर विरला होता, तो तसाच आत ठेवला. उन्हाळ्यात तिला काही वास येत नाही. पावसाळ्यात, फार दमट रात्री, अगदी नाक लावलं तर येतो. चिंगी तिच्यावर झोपते, आता नुसती झोपते. आई, आजी आणि ही भ्यालेली लहानशी मांजर, तिघी त्या कापडात आहेत. मला त्यांतल्या कोणालाही धुऊन काढायचं नाही.

हे सगळं लिहायला बसले ते दुसऱ्याच एका गोष्टीमुळे. आपल्याकडे मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं असं म्हणत, त्या धाकानं हात आवरायचे. पण घरात घाण करणारं मांजर पिशवीत घालून दूरच्या मासळी बाजारात सोडून यायला मात्र कोणाला पाप वाटत नाही. "तिथे खायला मिळेल त्याला," असं म्हणतात. ज्याच्या अंगाला घराबाहेरचं ऊन ठाऊक नाही, ज्याच्या मूत्राशयात भीतीनं सूज धरली आहे, तो जीव त्या चिखलात, त्या कुत्र्यांत, त्या गाड्यांत किती काळ तग धरेल? मी आमच्या बाजारात अशी मांजरं पाहिली आहेत. नव्यानं सोडलेलं मांजर लगेच ओळखू येतं, ते माणसांच्या पायांकडे येतं.

उपासमारीनं वा तहानेनं हाल होतील अशा ठिकाणी प्राण्याला विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हेही लोकांना माहीत नसतं. पण मी कायद्याचा धाक घालायला आलेले नाही. तुमच्या घरात आज असा वास येत असेल, गादी भिजली असेल, पाहुण्यांना तोंड दाखवायची चोरी झाली असेल, तर तुमचा जीव किती कासावीस असेल ते मला माहीत आहे. ते मांजर तुमच्यावर सूड उगवत नाहीये. तेवढं कारस्थान त्याच्या डोक्यात मावतच नाही. पिशवी हातात घेण्याआधी त्याला एकदा डॉक्टरांना दाखवा, त्याचं मूत तपासून घ्या. एक डबा वाढवा, आणि तो वेगळ्या खोलीत ठेवा. आणि एका पहाटे लवकर उठून, दिवा न लावता, बोळात कोण कोणाची वाट अडवून बसलंय ते बघा.